दहा तांबे पाणी, एक तांब्या ताक

सावळजच्या वरच्या अंगाला सगळे माझा ब्लोअर ओळखतात.
ट्रॅक्टर तात्यांचा, हात माझा.
ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत
दिवसाला सहा-सात एकर,
तोंडाला फडकं, डोळ्यांवर चष्मा,
आणि भुरी कुठं बसलीय ते मला
पान न उलटता, ओळीच्या टोकावरून कळतं.

मालनचा दोडका मात्र
मोरीच्या पत्र्यावर चढला होता,
तिथून जुन्या अँटेनाच्या दांडक्यावर,
पुढं जागाच नाही म्हणून
दिलशाद वैनींच्या कपड्यांच्या तारेवर.
तिकडं मी सहा आठवडे बघितलंच नव्हतं.

संक्रांत होऊन गेली, आणि एका सकाळी ती म्हणाली,
"आपल्या दारात गिरणी कधी सुरू झाली?"

गेलो. खालची पानं, सावलीतली, दाटीतली,
चाळण झटकल्यासारखी पांढरी.
अंगठा घासला. अंगठ्यावर आली.

मी लगेच नावं सांगायला लागलो,
बाटलीतली, पुड्यातली,
पिवळ्या त्रिकोणाची, निळ्या त्रिकोणाची.
कॅनमध्ये थोडं उरलंय, म्हणालो,
दोन मिनिटांचं काम.

मालन लसूण सोलत होती. वर बघितलं नाही.
"तात्यांची द्राक्षं दुबईला जातात,
तपासून जातात.
ह्यो दोडका सांजचा ताटात येतो.
ह्येला कोण तपासतंय?"

उत्तर होतं माझ्याकडं.
फवारल्यावर किती दिवस थांबायचं
ते पुड्यावर छापलेलं असतं.
पण दोडका कुठं थांबतो?
आज बोटाएवढा, परवा जून.

मग कात्री घेतली, द्राक्षाचीच,
आणि सवयीनं सपासप सुटलो
तर तिनं मनगट धरलं.
"सगळी नको. त्यालाबी जेवायला ताट लागतं."
जास्त बिघडलेली तेवढी काढली,
खताच्या खड्ड्यात न टाकता बंबात घातली.
वैनींनी तार हातभर सरकवली,
न बोलता, ओल्या चादरीसकट.
मधनं वारं खेळायला लागलं.

ताकही त्यांच्याच म्हशीचं.
मालननं तांब्यानं मोजलं, दहाला एक,
धोतराच्या फडक्यानं दोनदा गाळलं
आणि माझ्या हातात दिली
तिच्या भावाच्या सलूनमधली फुसफुस बाटली.

सहाशे लिटरची टाकी ओढणारा मी,
मोरीपुढं उकिडवा बसून
एकेक पान तळहातावर घेत होतो.
वरून एकदा. उलटं करून एकदा.
दोडक्याचं पान खरबरीत असतं,
मांजराच्या जिभेसारखं.
हे मला माहीत नव्हतं.
बावीस वर्षं मी पानं भिजवतोय
आणि हातमोज्याशिवाय एकही धरलं नव्हतं.

अर्ध्या वेलातच बोटं आखडली.
मालन म्हणाली, "राहू दे, उरलेलं मी करते,"
आणि मी ऐकलं नाही.

आठ दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा.
गेली म्हणणार नाही मी. भुरी अशी जात नसते.
जुन्या पानांवर तपकिरी डाग राहिले,
दोन फांद्या वाळून दोरीसारख्या झाल्या.
पण शेंड्याला जी पानं फुटली
त्यांच्यावर अंगठा घासला,
अंगठा कोरडा.

पुढं बागांचं काम वाढलं,
तात्यांचा फोन पहाटे चारला.
एकदा सांजचा परत आलो,
नळावर तीनदा हात धुतले, तरी वास तसाच,
आणि मोरीवर पिवळी फुलं नुकतीच उघडत होती;
दोडक्याचं फूल दिवस मावळताना फुलतं,
माझ्या घरी यायच्या वेळेला.

मालन आतून ओरडली,
"उद्या मंगळवार. ताक काढून ठेवलंय."

वैनींचं मांजर
खालचं एक पान चाटत बसलं होतं.
मी त्याला हाकललं नाही.